न्यायालयीन तडजोड आणि मागे घेतलेली संमती

प्रस्तावना

१९७६ या एकाच वर्षी भारतीय संसदेने पक्षकारांच्या संमतीविषयी दोन कायदे केले आणि ते परस्परांकडे जवळजवळ पाठ करून उभे आहेत. विवाहविषयक कायद्यांच्या सुधारणेने हिंदू विवाह अधिनियमात कलम १३-ब आले. परस्पर संमतीने घटस्फोट मागण्याची सोय झाली. मात्र दरम्यानच्या काळात अर्ज मागे घेतलेला नसेल तरच घटस्फोट मिळेल, अशी अट त्या कलमातच घालून संमती परत घेण्याची वाट मोकळी ठेवण्यात आली. त्याच वर्षी दिवाणी प्रक्रिया संहितेतही दुरुस्ती झाली. १ फेब्रुवारी १९७७ पासून अमलात आलेल्या या दुरुस्तीने दाव्यातील तडजोडीविषयीचा आदेश २३, नियम ३ कडक केला आणि नियम ३-अ नव्याने घालून तडजोडीच्या हुकूमनाम्याविरुद्ध स्वतंत्र दावा लावण्यास मनाई केली. विवाहाच्या बाबतीत मन बदलण्यास वाव आणि जमीन, घर, पैसा यांच्या बाबतीत मन बदलण्यास बंदी, अशी ही विभागणी आहे.

न्यायालयात ‘मान्य आहे’ म्हणून गेलेला पक्षकार काही दिवसांनी परत येतो आणि ती तडजोड आपल्याला नको आहे, असे सांगतो. हा प्रसंग तालुक्याच्या न्यायालयातही नित्याचा आहे. त्याला काय उत्तर मिळते, हे तो कोणत्या टप्प्यावर परत आला आणि कोणते कारण घेऊन आला यांवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार केला आहे. फौजदारी प्रकरणांतील आपसमेळ हा स्वतंत्र विषय असल्याने तो येथे घेतलेला नाही.

करार आणि हुकूमनामा

तडजोडीचा हुकूमनामा हे दुहेरी स्वरूपाचे लेख्य आहे. त्याचा गाभा कराराचा असतो, कारण त्यातील अटी न्यायाधीशांनी ठरवलेल्या नसतात, पक्षकारांनी ठरवलेल्या असतात. त्याचे कवच मात्र निकालाचे असते. त्यावर न्यायालयाची मोहर उमटते आणि इतर कोणत्याही हुकूमनाम्याप्रमाणे त्याची दरखास्त दाखल करून अंमलबजावणी करून घेता येते. संमती मागे घेऊ पाहणाऱ्या पक्षकाराची अडचण या दुहेरीपणातून निर्माण होते. केवळ करार असता तर तो रद्द करून मागण्यासाठी दावा लावता आला असता. केवळ निकाल असता तर अपील करता आले असते. तडजोडीच्या हुकूमनाम्यात हे दोन्ही मार्ग बहुतांशी बंद आहेत. संहितेच्या कलम ९६(३) अन्वये पक्षकारांच्या संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही आणि नियम ३-अ अन्वये दावा नाही.

येथे एक गल्लत वारंवार होते, ती आधीच दूर केलेली बरी. समोरच्या पक्षाने तडजोडीतील अट पाळली नाही, ठरलेली रक्कम दिली नाही किंवा कबूल केलेला ताबा सोडला नाही, तर ‘आता तडजोडच मोडली’ असे पक्षकार समजतो आणि मूळ दावा पुन्हा सुरू करण्याची मागणी करतो. कायद्याच्या दृष्टीने अटीचा भंग हे तडजोड मोडण्याचे कारण नाही. ते तिच्या अंमलबजावणीचे कारण आहे. अशा पक्षकाराने दरखास्तीचा मार्ग धरावयाचा असतो.

सहीच्या अलीकडे आणि पलीकडे

१९७६ पूर्वीच्या नियमात तडजोड लेखी असण्याची सक्ती नव्हती. त्यामुळे तोंडी समेट झाला होता की नव्हता, यावरच नवा वाद उभा राहत असे आणि साक्षीपुरावे घेण्यात मूळ दाव्याइतकाच वेळ जाई. दुरुस्तीने करार लेखी असावा व त्यावर पक्षकारांची सही असावी, अशी अट घातली. या अटीचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने गुरप्रीत सिंग विरुद्ध चतुर्भुज गोयल या १९८८ च्या निवाडासंग्रहात प्रसिद्ध झालेल्या निर्णयात स्पष्ट केला. अपिलाच्या सुनावणीच्या वेळी तोंडी मांडला गेलेला समेट, तो लेखी होऊन त्यावर सह्या होण्यापूर्वी, एका पक्षाने नाकारला तर त्याच्यावर लादता येत नाही; सुनावणीत समेट झाला असेल तर तो तेथेच कागदावर उतरवून सह्या घेण्यास कोणतीही अडचण नसते, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे सहीच्या अलीकडे पक्षकार मोकळा आहे. तारखेच्या दिवशी वऱ्हांड्यात मान डोलावली, वकिलांच्या खोलीत होकार दिला, एवढ्याने तो बांधला जात नाही.

सही झाली, पण न्यायालयाने तडजोड अद्याप नोंदवून घेतली नाही, असा एक मधला टप्पा असतो. महाराष्ट्रातील न्यायालयांत तडजोड पुरसिस दाखल होते, तिला निशाणी क्रमांक पडतो आणि पडताळणीसाठी ती न्यायाधीशांसमोर ठेवली जाते. या दोन क्षणांमध्ये कधी काही तासांचे, कधी एखाद्या तारखेचे अंतर पडते आणि नेमक्या त्या अवधीत पक्षकार घरी जाऊन विचार बदलून येतो. हुकूमनामा झालेला नाही, तेव्हा आपण अजून मोकळे आहोत, असे त्याला वाटते. नियम ३ चे परंतुक वेगळे सांगते. एक पक्ष समेट झाला असे म्हणत असेल आणि दुसरा ते नाकारत असेल, तर त्या प्रश्नाचा निर्णय न्यायालयाने स्वतः करावयाचा आहे आणि कारणे नमूद केल्याशिवाय त्यासाठी तहकुबीही द्यावयाची नाही. त्या चौकशीत करार वैध ठरला, तर पक्षकाराच्या नाराजीला न जुमानता तो नोंदवला जातो. तेव्हा रेषा सहीवर आहे, निकालाच्या दिनांकावर नाही. हा बारकावा पक्षकारांना सहसा सही करून झाल्यावरच कळतो.

‘पक्षकारांची सही’ या शब्दांत वकिलाची सही येते काय, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातील एका बँकेच्या दाव्यातून उद्भवला. १९८४ मध्ये झालेल्या हुकूमनाम्यावर प्रतिवादीची स्वतःची सही नव्हती, त्याच्या वकिलाची होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बायराम पेस्तनजी गारीवाला विरुद्ध युनियन बँक ऑफ इंडिया या निर्णयात असे ठरवले की, वकीलपत्रातून मिळणारा वकिलाचा परंपरागत अधिकार संपुष्टात आणण्याचा संसदेचा हेतू नव्हता. पक्षकार दूरदेशी असेल तर प्रत्येक वेळी त्याच्या प्रत्यक्ष सहीचा आग्रह धरल्याने विलंब आणि नुकसान होईल. व्यवहाराच्या दृष्टीने हा विचार समंजस आहे. तरीही त्याची दुसरी बाजू नजरेआड करता येत नाही. छापील वकीलपत्रात ‘तडजोड करणे’ हे शब्द बारीक अक्षरांत आधीच असतात आणि दावा लावताना घाईने सही करणारा माणूस ते क्वचितच वाचतो. २०१५ मध्ये एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना बजावले की, अशिलाच्या स्पष्ट सूचनेवाचून त्याचा हक्क सोडून देणारी कबुली देऊ नये. ही दोन्ही मते आज शेजारी शेजारी उभी आहेत. न्यायालयाच्या दृष्टीने वकिलाची सही पुरेशी ठरू शकते, परंतु वकिलाने ती जपूनच करावयाची आहे. आपण सही केलीच नव्हती, एवढ्या एका कारणावर विसंबणारा पक्षकार म्हणून अडचणीत येतो. वकिलाला अधिकार नव्हता, हे त्याला दाखवावे लागते.

संमती मुक्त नव्हती, असे म्हणणे

नियम ३ ला जोडलेले स्पष्टीकरण या विषयाचे केंद्र आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार शून्य किंवा शून्यनीय असलेला करार या नियमाच्या प्रयोजनासाठी कायदेशीर मानला जाणार नाही, असे ते सांगते. त्यामुळे कलम १४ ते १९-अ मधील सर्व कसोट्या तडजोडीला लागू होतात. जबरदस्ती, अनुचित प्रभाव, कपट आणि गैरनिवेदन यांपैकी काही सिद्ध झाले तर तडजोड टिकत नाही. याउलट सौदा तोट्याचा झाला, नंतर कुणी अधिक चांगला सल्ला दिला, जमिनीचा भाव वाढला, ही कारणे कोठेही बसत नाहीत. कायद्याविषयीचे अज्ञानही बसत नाही. भारतात अमलात असलेल्या कायद्याबद्दलच्या चुकीच्या समजुतीमुळे करार शून्यनीय होत नाही, असे कलम २१ स्पष्टच सांगते. ‘मला एवढा हिस्सा मिळतो हे ठाऊक नव्हते’ हे वाक्य न्यायालयात कितीही कळवळून उच्चारले, तरी ते एकटे पुरत नाही. तो हिस्सा कुणी जाणूनबुजून दडवला, असे दाखवता आले तर मात्र तो अज्ञानाचा प्रश्न राहत नाही, कपटाचा होतो.

कपटाचा आरोप करणेही सोपे नाही. संहितेच्या आदेश ६, नियम ४ प्रमाणे कपट, अनुचित प्रभाव इत्यादींचे तपशील तारखांसह मांडावे लागतात. कोणी, कधी, कोठे, काय सांगितले आणि त्यापैकी खोटे काय होते, हे अर्जात यावे लागते. ‘फसवून सही घेतली’ एवढेच लिहिलेले अर्ज फेटाळले जातात आणि ते फेटाळले जाणे अन्यायाचेही नाही. अन्यथा प्रत्येक तडजोड एका वाक्याने मोडता आली असती.

हा अर्ज कोठे करावयाचा, याबाबत बराच काळ गोंधळ होता. बनवारीलाल विरुद्ध चांदो देवी या १९९३ च्या निवाडासंग्रहातील निर्णयाने तो पुष्कळसा निवळला. वादीच्या वकिलाने प्रतिवादीशी संगनमत केल्याचा आरोप त्या प्रकरणात होता. विचारण न्यायालयाने तडजोड नोंदवण्याचा आपलाच आदेश मागे घेतला, उच्च न्यायालयाने तो मागे घेणे रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने विचारण न्यायालयाचे म्हणणे पुन्हा प्रस्थापित केले. तडजोड नोंदवणारे न्यायालयच ती कायदेशीर होती की नाही याची चौकशी करण्यास सक्षम आहे आणि तडजोड नोंदवणे हे यांत्रिक काम नसून त्यासाठी न्यायबुद्धी वापरावी लागते, असा त्या निर्णयाचा आशय आहे. पुष्पादेवी भगत विरुद्ध राजिंदर सिंग (२००६) या निर्णयाने त्यावर कळस चढवला. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नाही, स्वतंत्र दावा नाही. ज्या न्यायालयाने तो दिला त्याच न्यायालयाकडे परत जाणे हा एकच उपाय आहे, असे तेथे सांगितले गेले. आदेश ४३, नियम १-अ अन्वये, तडजोड झालीच नव्हती असा वाद न्यायालयाने निर्णयाला लावला असेल तर अपिलात तो मुद्दा घेता येतो. पण ती वाट मुख्यतः पहिल्याच न्यायालयात हरकत घेतलेल्या पक्षकाराची आहे. पुढील निर्णयांतही हीच दिशा कायम राहिली. शब्दचातुर्याने वादपत्र लिहून नियम ३-अ चा अडसर ओलांडता येणार नाही, असे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले. ज्या न्यायालयाने घाईत तडजोड नोंदवली असे पक्षकाराचे म्हणणे आहे, त्याच न्यायालयापुढे त्याने तक्रार घेऊन जावयाचे, ही रचना पाहताक्षणी विचित्र वाटते. तिचे समर्थन एवढेच की, त्या दिवशी काय घडले याचा रोजनामा त्याच न्यायालयाच्या दप्तरात असतो.

अज्ञान पक्षकारांना कायद्याने अधिक संरक्षण दिले आहे. आदेश ३२, नियम ७ प्रमाणे अज्ञानाच्या वतीने न्यायालयाच्या परवानगीशिवाय केलेली तडजोड अज्ञानाच्या इच्छेनुसार रद्द होऊ शकते. सज्ञान पण परावलंबी माणसाला असे संरक्षण नाही आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने दिसतो तो बहिणींच्या बाबतीत. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना महाराष्ट्रात १९९४ च्या राज्य दुरुस्तीने आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने सहदायिकीचा हक्क मिळाला. त्यानंतर वाटणीच्या दाव्यांत बहिणींना पक्षकार करणे अपरिहार्य झाले आणि त्याबरोबर त्यांच्याकडून हक्क सोडून घेणाऱ्या तडजोडीही आल्या. अशा एखाद्या दाव्याचे चित्र डोळ्यांसमोर आणणे कठीण नाही. दोन भाऊ एकमेकांविरुद्ध, तिघी बहिणी प्रतिवादी, सर्वांचा वकील बहुधा थोरल्या भावाने ठरवलेला. पुरसिशीत लिहिलेले असते की बहिणींना साडीचोळी व लग्नाचा खर्च पोचला, त्यांचा मिळकतीशी काही संबंध नाही. बहिणी सही करतात. कुणी धमकी दिलेली नसते, कुणी खोटे बोललेले नसते. सही केली नाही तर माहेर तुटेल, भाऊबीजेला कुणी बोलावणार नाही, नवऱ्याने टाकले तर उभे राहण्यास दार उरणार नाही, हे न बोलता सर्वांना समजलेले असते.

करार अधिनियमातील जबरदस्तीच्या व्याख्येत हे बसत नाही. ती व्याख्या गुन्हेगारी कृत्य, त्याची धमकी किंवा मालमत्ता बेकायदा अडकवणे यांपुरती आहे. अनुचित प्रभावाचे कलम १६ अधिक जवळचे आहे. एका पक्षाची स्थिती दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवण्याजोगी असेल आणि तिचा वापर करून त्याने गैरवाजवी फायदा मिळवला असेल, तर ते कलम लागू होते. व्यवहार सकृद्दर्शनीच अन्यायकारक दिसत असेल तर प्रभाव वापरला नाही हे सिद्ध करण्याचा भार वर्चस्व असणाऱ्यावर येतो. पडदानशीन स्त्रियांच्या दस्तऐवजांविषयी प्रिव्ही कौन्सिलच्या काळापासून चालत आलेले तत्त्वही येथे आधाराला येते. दस्तऐवजाचा लाभ घेणाऱ्याने, तो स्त्रीला नीट समजावून दिला होता, हे दाखवावे असे ते तत्त्व आहे आणि न्यायालयांनी ते निरक्षर व वृद्ध व्यक्तींपर्यंत नेले आहे. पण शिकलेली, शहरात राहणारी, स्वतःच्या अक्षरात सही करणारी बहीण या छत्राखाली सहज येत नाही. माहेराची ओढ ही वर्चस्वाची स्थिती आहे की मायेची, हे न्यायालयाने कसे ठरवावे? कायद्याची मापे येथे तोकडी पडतात, हे मान्य केले पाहिजे.

निदान सहीच नसेल तर मात्र कायदा ठाम आहे. ओडिशातील एका भावंडांच्या दीर्घकाळ चाललेल्या वाटणीच्या वादात काही जणांनी आपसांत तडजोड केली होती. एका बहिणीची तीत संमती नव्हती. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तडजोड अवैध ठरवली. एकत्र मिळकतीच्या वाटणीच्या दाव्यात सर्व हिस्सेदारांची लेखी संमती व सह्या हव्यात, काहींच्या समेटाने इतरांचे हिस्से कापता येत नाहीत, असा त्याचा अर्थ आहे.

लोकन्यायालयातील समेट

लोकन्यायालयाच्या निवाड्याला विधिसेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २१ अन्वये हुकूमनाम्याचा दर्जा आहे, तो अंतिम असतो आणि त्यावर कोणत्याही न्यायालयात अपील नाही. न्यायशुल्क परत मिळते, तारखा संपतात; यामुळे लोकन्यायालयाच्या दिवशी न्यायालयाच्या आवारात जत्रेसारखी गर्दी असते. पण नंतर पश्चात्ताप झालेल्या पक्षकाराची स्थिती येथे आणखी बिकट आहे. पंजाब राज्य विरुद्ध जालौर सिंग (२००८) या निर्णयानुसार निवाड्याला आव्हान द्यावयाचे तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ किंवा २२७ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते आणि तीही अत्यंत मर्यादित कारणांवर. २०१७ मध्ये आंध्र-तेलंगणातील एका जमिनीच्या वादात, कपटाच्या आरोपासाठीही हाच मार्ग आहे, दिवाणी दावा चालणार नाही, असे ठरले. तालुक्याच्या ठिकाणी एका दिवसात झालेली सही रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालय गाठावे लागते. अंतराचा आणि खर्चाचा हा अडसर कायद्याच्या पुस्तकात कोठे लिहिलेला नाही, पण प्रत्यक्षात तोच सर्वांत भक्कम आहे.

जालौर सिंग निर्णयातील एक भाग महत्त्वाचा असूनही दुर्लक्षित राहतो. त्या प्रकरणात लोकन्यायालयाने पक्षकारांचा समेट झालेला नसताना अपघाताची नुकसानभरपाई स्वतःच ठरवून दिली होती. लोकन्यायालयाला न्यायनिर्णय करण्याचा अधिकार नाही, समेट नसेल तर निवाडाही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. ‘साहेबांनी सांगितले म्हणून सही केली’ असे म्हणणाऱ्या पक्षकाराच्या तक्रारीचे बीज येथे आहे. समितीतील निवृत्त न्यायाधीशांचा सल्ला आणि त्यांचा आदेश यांतील फरक लाकडी बाकाच्या या बाजूला बसलेल्या माणसाला कळेलच असे नाही.

२०२३ च्या मध्यस्थी अधिनियमात समेटाला आव्हान देण्याची कारणे प्रथमच मोजून दिली आहेत. कपट, भ्रष्टाचार, तोतयेगिरी आणि मध्यस्थीला अयोग्य असा विषय, ही ती चार कारणे असून अर्जाची मुदत नव्वद दिवसांची, आणि पुरेसे कारण असल्यास आणखी नव्वद दिवसांची आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अधिनियमाची जी कलमे अमलात आणली गेली, त्यांत ही तरतूद नव्हती. या यादीत जबरदस्ती आणि अनुचित प्रभाव नाहीत, ही गोष्ट खटकणारी आहे. करार अधिनियमाने दीडशे वर्षे जपलेली दोन कारणे येथे गळली आहेत आणि वर वर्णन केलेल्या बहिणींना उपयोगी पडले तर तीच पडली असती.

शासनच जेव्हा परत येते

संमती मागे घेऊ पाहणारा पक्षकार नेहमी दुर्बलच असतो असे नाही. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळ येथे वायुगळती झाली. १९८५ च्या एका विशेष कायद्याने पीडितांच्या वतीने दावे चालवण्याचा अनन्य अधिकार केंद्र शासनाने स्वतःकडे घेतला आणि १४ फेब्रुवारी १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयात युनियन कार्बाइड कंपनीशी ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. पीडितांना कोणी विचारले नव्हते. प्रातिनिधिक दाव्यातील तडजोडीसाठी असलेल्या आदेश २३, नियम ३-ब चा भंग झाला, हा मुद्दा पुनर्विलोकनात मांडला गेला, पण तो मान्य झाला नाही. ३ ऑक्टोबर १९९१ च्या निर्णयाने फौजदारी कारवाईपासून दिलेली मुक्तता तेवढी रद्द केली आणि रक्कम कायम ठेवली. ती अपुरी पडल्यास तूट केंद्र शासनाने भरून काढावी, असे म्हटले.

डिसेंबर २०१० मध्ये केंद्र शासन उपचारात्मक याचिका घेऊन परत आले. मृतांचे व बाधितांचे आकडे तडजोडीच्या वेळी गृहीत धरल्यापेक्षा मोठे निघाले, म्हणून कंपनीच्या उत्तराधिकाऱ्यांकडून सात हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम मिळावी, अशी मागणी होती. १४ मार्च २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती फेटाळली. कपटाच्या कारणावर तडजोड रद्द करता आली असती, पण शासनाने कपटाचा आरोपच केला नव्हता. तडजोड ठेवून तिच्यावर वाढीव रक्कम मागणे कोणत्याही तत्त्वात बसत नाही, असे न्यायालयाने सांगितले. वीस-पंचवीस वर्षांनी हा प्रश्न उकरण्यावर आणि १९९१ मध्ये सांगूनही शासनाने विमा न उतरवण्यावर न्यायालयाने ताशेरे ओढले. तालुका न्यायालयातील पक्षकाराला लागू होणारे तत्त्व येथे संघराज्यालाही लागू झाले. फरक एवढाच की, या प्रकरणात ज्यांचे नुकसान झाले आणि ज्यांनी संमती दिली ते एक नव्हते.

विवाहातील संमती

कलम १३-ब चा मार्ग याहून निराळा आहे. किमान एक वर्ष वेगळे राहिलेले पती-पत्नी संयुक्त अर्ज करतात. त्यानंतर सहा महिन्यांनी, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा न्यायालयासमोर यावयाचे असते. या मधल्या काळात एकाने एकतर्फी माघार घेतली तर काय, यावर उच्च न्यायालयांत मतभेद होते. संमतीची कसोटी अर्जाच्या दिवशीची, नंतर एकट्याला परत फिरता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९८४ मध्ये म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या सुरेष्टा देवी निर्णयात हे मत अमान्य केले. हुकूमनामा होईपर्यंत संमती टिकून असली पाहिजे आणि तोपर्यंत कोणताही एक पक्ष ती मागे घेऊ शकतो, असे ठरले. १९९७ च्या एका निर्णयात त्याविषयी शंका व्यक्त झाली, परंतु २००९ पासूनच्या निर्णयांनी मूळ तत्त्व कायम ठेवले. मुंबईच्या कुटुंब न्यायालयातून गेलेल्या एका प्रकरणात तर, एक पक्ष गैरहजर राहिला म्हणून त्याची संमती कायम आहे असे गृहीत धरता येणार नाही, ती न्यायालयाने प्रत्यक्ष पडताळली पाहिजे, असे २००९ मध्ये सांगितले गेले. सहा महिन्यांची प्रतीक्षा योग्य प्रकरणात माफ करता येते, हे २०१७ मध्ये ठरले; अनुच्छेद १४२ खाली, विवाह पूर्णतः मोडला असेल तर एकाच्या विरोधातही घटस्फोट देण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाला आहे, हे १ मे २०२३ च्या घटनापीठाने सांगितले. तो अधिकार खालच्या न्यायालयांना नाही.

व्यवहारात मात्र घटस्फोटाची संमती एकटी येत नाही. पोटगीची ठोक रक्कम, सदनिकेचा हिस्सा, मुलांचा ताबा, परस्परांविरुद्धच्या तक्रारी मागे घेणे, हे सर्व एकाच समेटपत्रात बांधलेले असते. पहिल्या हप्त्याची रक्कम घ्यावयाची, समोरच्याकडून तक्रार मागे घेववायची आणि दुसऱ्या वेळी संमती नाकारायची, असे प्रकार दोन्ही बाजूंनी घडतात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या गाठीवर विचार करून असे ठरवले की, न्यायालयाला हमी दिलेली असली तरी कोणालाही घटस्फोटास संमती देण्याची सक्ती करता येणार नाही. पण दिलेल्या हमीचा हेतुतः भंग केला तर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते आणि त्या समेटातून मिळवलेला लाभ परत करावयास लावता येतो. म्हणजे विवाहाच्या बंधनापुरती माघार घेता येते, पैशापुरती ती फुकट मिळत नाही.

दोन्ही कायद्यांची मांडणी शेजारी ठेवली की एक गोष्ट ध्यानात येते. घटस्फोटाच्या अर्जात पक्षकाराला दोनदा विचारले जाते आणि दोन प्रश्नांच्या मध्ये काही महिने असतात. मिळकतीच्या तडजोडीत एकदाच विचारले जाते. पुरसिस समोर येते, वकील पक्षकारांना ओळखतात, मजकूर वाचून दाखवला, समजला व मान्य आहे, असा शेरा पडतो आणि न्यायाधीशांची सही होते. कामाच्या यादीत शंभरावर प्रकरणे असलेल्या दिवशी या सर्वाला काही मिनिटे लागतात. बनवारीलाल निर्णयात अपेक्षिलेली न्यायबुद्धी वापरण्याची जागा हीच. बहिणीला भावांपासून दूर, तिच्या बोलीत, ‘या कागदाने तुमचा जमिनीतला हिस्सा जातो, हे तुम्हाला ठाऊक आहे का?’ असे विचारून तिचे उत्तर रोजनाम्यात लिहून घेण्यास नवा कायदा लागत नाही. नियम ३ मध्ये न्यायालयाचे ‘समाधान झाल्यास’ हे शब्द १९०८ पासून आहेत.